पाटीवरचं साल, कपाटाचं वय आणि पॉलिशवाला

प्रश्न थोडक्यात असा. पणजोबांकडून आलेलं एक नक्षीदार कपाट घरात आहे. वरचा भाग सोळा खणांचा, खाली वेगळी बैठक आणि चार पायांच्या जागी कोरलेल्या नागिणी. सागावर काळ्या लाकडाची एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, त्यांत हस्तिदंतासारखे पांढरे ठिपके, खणांवर जाळीदार पिवळे पत्रे. मागच्या पितळी पाटीवर मजकूर आहे, की एका संस्थानिकांच्या विवाहाला पंचवीस वर्षं झाली म्हणून रयतेकडून ही भेट. काळे तुकडे सुटायला लागलेत, खण अडकतात, एका बाजूला पांढरी बुरशी आलीय. पॉलिशवाला म्हणतो, घासून मेलामाइन मारू, नवंकोरं दिसेल. करावं का? आणि ते किती जुनं आहे?

मेलामाइनचं उत्तर एका शब्दात: नको. कारण पुढे येईलच. आधी वय.

पाटीवरचं साल हे भेट दिल्याचं साल असतं, कपाट बनल्याचं नव्हे. राजाला भेट द्यायची म्हणून दीड-दोनशे वर्षं जुनी वस्तू विकत घेऊन तिला नवी पाटी ठोकली, असं होऊ शकतं. जुन्या घाटाचं नवं कपाट मुद्दाम बनवून घेतलं, असंही होऊ शकतं. तुम्ही वर्णन केलेल्या घाटाला पोर्तुगीजमध्ये ‘कोंतादोर’ म्हणतात. मोजणे, हिशेब करणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला शब्द. हिशेबाचे कागद, नाणी, दागिने ठेवायचं हे कपाट. सागाचा सांगाडा, आबनुसाचं (काळ्या, जड लाकडाचं) आणि हस्तिदंताचं जडावकाम आणि नागिणींचे पाय ही सतराव्या शतकातल्या गोव्याच्या कामाची ओळख. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या जातीची कपाटं आहेत. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात लाकूड, हस्तिदंत आणि चांदीतलं इंडो-पोर्तुगीज काम जवळून पाहता येतं. तुलनेसाठी एकदा तिथे जाऊन याच. ही आवड राजघराण्यांत जुनीच. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन 1662 साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून गेली, तेव्हा तिने सोबत नेलेल्या ‘इंडियन कॅबिनेटां’सारखी इथे कधी पाहिली नव्हती, अशी नोंद जॉन एव्हलिन या त्या काळच्या इंग्रज लेखकाने रोजनिशीत केली आहे. त्याच लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांकडे गेली. पण घाट जुना म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. हा घाट नंतरही बनत राहिला.

वय ठरवायला दर्शनी बाजू फारशी कामाची नाही. एक खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. तळाच्या फळीवर करवतीच्या खुणा असतात. सरळ, थोड्या वाकड्यातिकड्या, कमी-जास्त अंतराच्या असल्या तर हातकरवत. एकसारख्या कमानी दिसल्या तर गोल यंत्रकरवत, म्हणजे एकोणिसावं शतक किंवा त्यानंतर. मग स्क्रू. हाताने घडवलेल्या स्क्रूचं टोक बोथट असतं आणि डोक्यावरची खाच बहुधा मधोमध नसते. टोकदार यंत्रस्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळले. गोल तारेचे खिळे त्याहून उशिराचे. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू 1930 च्या आधीचा नसतो, आणि प्लायवूड दिसलं तर तो भाग विसाव्या शतकातला. मात्र एका स्क्रूवरून निकाल देऊ नका, कारण दुरुस्त्या होतात. मुठीच्या आत जास्तीची बुजवलेली भोकं असली तर मुठी बदलल्यात, एवढंच कळतं.

सुटलेला एक काळा तुकडा हातात घेऊन त्याची जाडी मोजा. हातकरवतीने कापलेला साधारण दीड ते तीन मिलिमीटर असतो, यंत्राने सोललेला मिलिमीटरहून कमी. आणखी एक खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. वर्तुळाच्या खाचेचा व्यास दोन दिशांना मोजायचा, लाकडाच्या रेषांच्या बाजूने आणि आडवा. साग लांबीला जवळजवळ आटत नाही, रुंदीला आटतो. त्यामुळे खूप जुन्या कामात कंपासने आखलेलं वर्तुळ आडव्या दिशेला किंचित चेपलेलं निघतं. हे नकली कामात आणणं अवघड. दोन्ही माप तंतोतंत सारखी आली तर मात्र संशय घ्या.

पाटीही तपासा. ती काढायची नाही, पण कडेने टॉर्च तिरपा धरून बघायचं. पाटीभोवतीचं लाकूड आणि मागच्या फळीचं लाकूड एकाच काळाचं आहे का, पाटीचे खिळे फळीच्या आधीच्या भोकांत बसवलेत का. भेटीची खातरजमा कागदावर होते. पुणे आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत संस्थानी दप्तरं आहेत. समारंभाची यादी, छायाचित्र, मानपत्र यांपैकी काही मिळालं तर कपाटाची किंमत पॉलिशने वाढेल त्याहून कितीतरी वाढते. म्हणून पाटी चकचकीत करू नका. अक्षरं आधीच उथळ असतात, चार दसऱ्यांच्या घासण्यात पुसून जातात.

आता पांढरे ठिपके. हस्तिदंत, हाड की प्लास्टिक? दहापट भिंगातून बघा. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसते. हाडात काळसर बारीक टिंब किंवा रेघोट्या असतात, कारण त्यात रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकमध्ये समांतर रेषा फार शिस्तीत दिसतात. तीन-चार मिलिमीटरच्या ठिपक्यात ही जाळी ओळखणं कठीण, म्हणून सगळ्यांत मोठा तुकडा निवडा. तापलेली सुई टोचून बघायची जुनी शिफारस मुळीच पाळू नका. हस्तिदंतावर डाग कायमचा राहतो, आणि ते सेल्युलॉइड निघालं तर भडका उडतो.

हस्तिदंत निघालं तर कायद्याकडे बघावं लागतं. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतीय हस्तिदंताचा व्यापार 1986 च्या आणि आयात आफ्रिकी हस्तिदंताचा 1991 च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. जुनं आहे म्हणून विकता येतं, हा गैरसमज. घरात ठेवायलाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि वारशाने मिळालं की 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करायची असते. ती राहून गेली असेल तर आधी वकिलाला भेटा, मग दुरुस्तीवाल्याला. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवायचा बेत असेल तर तो इथेच थांबवा. कोरलेल्या नागिणींमुळे नोंदणी लागते का, हे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारा.

आता मूळ दुखणं. तुकडे का सुटतात? सरस (लाकूड चिकटवायचा जुना गोंद) जुना झाला, हे अर्धंच उत्तर. आर्द्रता 55 टक्के असताना सागात साधारण 10 टक्के पाणी असतं. कोकणातल्या पावसाळ्यात ती 85 वर गेली की 18 टक्क्यांच्या आसपास. चाळीस सेंटिमीटर रुंदीची फळी तेवढ्यात दोन ते पाच मिलिमीटर फुगते, फळी कशी कापलीय त्यानुसार. तिच्यावर बसवलेला काळा तुकडा आडव्या रेषांचा असेल तर तो त्या दिशेला हलतच नाही. पत्रा तर पाण्याने फुगायचा प्रश्नच नाही. खालचं हलतंय, वरचं हलत नाही, मध्ये पिचतो तो सरस. दरवर्षी एकदा. म्हणून खोलीची आर्द्रता ताळ्यावर आणल्याशिवाय चिकटवलेला तुकडा पुढच्या ऑगस्टमध्ये परत हातात येणार.

पाचशे-सातशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि कपाटाच्या मागे ठेवून महिनाभर सकाळ-संध्याकाळ नोंद करा. 45 ते 60 मध्ये राहिलं तर उत्तम, 65 च्या वर सतत गेलं की बुरशी धरते. कपाट भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ओढा (ओढायचं म्हणजे उचलून, ते खाली सांगतो). बाहेरच्या भिंतीला, बाथरूमच्या भिंतीला किंवा खिडकीसमोर ठेवू नका. रात्री एसी आणि दिवसा बंद, हा प्रकार सतत दमट हवेपेक्षाही वाईट, कारण लाकूड रोज ये-जा करतं. त्यापेक्षा पावसाळ्याचे चार महिने एक छोटा डीह्युमिडिफायर 55-60 वर लावून ठेवा.

बुरशी ओल्या फडक्याने पुसली की ती पसरते आणि रेषांत जाते. एन 95 मास्क लावा, खिडकी उघडा. मऊ ब्रशने बुरशी झटकत व्हॅक्यूमच्या तोंडाशी न्यायची. नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा म्हणजे सुटलेला ठिपका आत ओढला जाणार नाही. कपाट उन्हात ठेवायचा मोह होईल. दोन तासांत पापुद्रे उभे राहतील.

कीड आहे का, हेही याच टप्प्यावर. पायांखाली काळा कागद पसरा आणि महिनाभर बघा. पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे; नुसती भोकं असली तर ती जुनी असू शकते. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढरट लाकडाला आणि नंतर घातलेल्या हलक्या फळ्यांना लागते. फवारा मारू नका, त्यातलं तेल हस्तिदंतात उतरतं. हवाबंद फिल्ममध्ये कपाट बंद करून नायट्रोजन किंवा ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांनी आतला ऑक्सिजन 0.3 टक्क्याखाली आणायचा आणि तीन-चार आठवडे ठेवायचं. हे संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाचं काम आहे. वाळवी असेल तर तिचं घर बहुधा जमिनीत किंवा भिंतीत असतं, तेव्हा नुसत्या कपाटावर उपाय करून ती जात नाही.

अडकलेल्या खणांबद्दल. पावसाळ्यात रंधा हातात घ्यायचाच नाही. जुलैत रंधलेला खण फेब्रुवारीत खुळखुळतो. आधी मोकळे खण काढा, प्रत्येकाच्या मागच्या फळीवर मऊ पेन्सिलीने क्रमांक लिहा (हातकामात प्रत्येक खण फक्त आपल्याच जागी बसतो) आणि रिकाम्या जागेतून टॉर्च मारून अडकलेल्याकडे बघा. बहुतेक वेळा तळाच्या फळीला पोक आलेलं असतं, नाहीतर वर आलेला एखादा खिळा धावेला (खण जिच्यावर सरकतो त्या पट्टीला) घासतो. अशा कपाटांत आणखी एक गंमत असते: बाहेरून तीन खण दिसतात, आत एकच असतो. कुलपाची भोकं तिन्हीवर, पण कुलूप एकालाच. खोट्या भोकाच्या बाजूने पेचकस घालून उचकटलेले दर्शनी भाग खूप बघायला मिळतात. आतून, मागच्या बाजूने दोन्ही हातांनी सारखा दाब देऊन ढकला. निघाल्यावर धावेवर पांढरी मेणबत्ती घासा, तेल नको. कुलपात ग्रॅफाइटची भुकटी घाला. फवाऱ्याचं तेल लाकडात झिरपून पत्र्याभोवती काळं वर्तुळ करतं.

पिवळे पत्रे बहुधा नुसतं पितळ नसतात. खोलगट भागात, जाळीच्या आतल्या कडांना सोनेरी रंग वेगळा दिसला तर तो तांब्यावरचा सोन्याचा मुलामा. चिंच-मीठ किंवा धातूची पॉलिश लावली की तो एका दुपारी संपतो, आणि खाली झिरपलेलं आम्ल पुढे वर्षानुवर्षं हिरवं पाणी सोडत राहतं. कडेला मेणासारखा हिरवा चिकटा दिसतो तो तांबं आणि जुन्या तेलातल्या आम्लांचा साबण आहे. बांबूची काडी चपटी करून त्याने खरवडा, राहिलेलं टर्पेंटाइनमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाने उचला. पत्र्याखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा म्हणजे लाकूड वाचेल. खिळे पकडीने ओढून पत्रे काढू नका. ते गंजून लाकडाशी एकजीव झालेले असतात, खेचले की लाकूड घेऊन येतात.

लाकडाची सफाई करण्याआधी वरचा थर कशाचा आहे हे कळायला हवं. मागच्या कोपऱ्यात, जडाव नसलेल्या जागी, स्पिरिटचा एक थेंब ठेवा. अर्ध्या मिनिटात चिकट झाला तर ती लाख. मग या कपाटाजवळ सॅनिटायझर, परफ्यूम आणि स्पिरिट फिरकू देऊ नका. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पिळलेली, जवळजवळ कोरडी कापसाची काडी फिरवायची, लगेच सुक्या काडीने टिपायचं, हाताएवढ्या चौकोनात काम करायचं. हस्तिदंतावर त्याहूनही कमी पाणी. त्याचा पिवळेपणा ही मळ नाही, ती त्याची जात आहे. लिंबू, टूथपेस्ट, ब्लीच यांनी तो खडूसारखा पांढरा आणि खडूसारखाच ठिसूळ होतो.

आता सुटलेले तुकडे. जो तुकडा पडेल तो लगेच छोट्या पिशवीत, वर जागा लिहून. केर काढताना गेलेला आबनुसाचा तुकडा परत बनवायला एक दिवस जातो. फेविकॉल, फेविक्विक, अराल्डाइट यांपैकी काहीही लावू नका. चिकटत नाही म्हणून नव्हे, परत सुटत नाही म्हणून. पुढच्या वेळी सरसाऐवजी तुकडाच तुटेल. इथे लागतो सुताराचा जुना सरस. वजनाने एक भाग सरस, दोन भाग पाणी, रात्रभर भिजत. सकाळी तो फुगून जेलीसारखा होतो. डबल बॉयलरमध्ये 60 अंशांवर विरघळवायचा, 65 च्या वर नेला की ताकद जाते. ब्रशवरून अखंड धार पडली आणि शेवटी थेंब तुटला, की जाडी बरोबर. पत्रा आणि हस्तिदंतासाठी थंड वापरता येणारा माशांचा सरस बरा. हस्तिदंताला उष्णता सोसत नाही. धातूच्या मागे लसणाची पाकळी घासायची कारागिरांची जुनी रीत आहे, ती तेलकटपणा घालवायला खरोखर उपयोगी पडते.

खाचेतला जुना सरस पटाशीने खरवडू नका. कोमट पाण्यात भिजवलेला टिपकागदाचा तुकडा तेवढ्याच जागी दहा मिनिटं ठेवा, मऊ झालेला काडीने काढा, एक दिवस सुकू द्या. पूर्ण न सुटलेल्या, नुसत्या पोकळ वाजणाऱ्या तुकड्याखाली (नखाने हलकं ठोकलं की आवाज कळतो) सिरिंजने पातळ सरस सोडता येतो. बसवल्यावर वर पातळ प्लास्टिक, त्यावर बुचाचा किंवा नमद्याचा (फेल्टचा) तुकडा, त्यावर छोटी फळी आणि एक-दोन किलोची वाळूची पिशवी. जास्त वजनाने सगळा सरस बाहेर जातो आणि जागा उपाशी राहते. बाहेर आलेला सरस जेलीसारखा झाला की दहा मिनिटांच्या आत दमट कापसाने उचला. चोवीस तास हात लावू नका.

तुकडा जागेवर बसतच नाही, असं नक्की होईल. तुकडा मोठा झालेला नाही, खाच आटली आहे. कानस तुकड्याला लावायची नाही. दमट हवा कमी झाल्यावर खाच आणखी आटेल, म्हणून मधल्या ऋतूत, आर्द्रता 55 च्या आसपास असताना पुन्हा लावून बघा. तरी नाही बसला तर तो किंचित वर राहू द्या. पूर्ण हरवलेल्या तुकड्यासाठी जागेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आकार उमटतो. आबनुसाऐवजी काळं रंगवलेलं शिसम चालतं, रेषांची दिशा शेजारच्या तुकड्याशी जुळवा. ठिपक्यांसाठी हाड किंवा हस्तिदंती रंगाचं टाग्वा (एका ताडवर्गी झाडाचं टणक बी). नवं हस्तिदंत कुणी देऊ केलं तर तो गुन्हा आहे. बारीक फटी मेणाने भरायच्या: मधमाशीचं मेण तीन भाग, कार्नौबा (ताडवर्गी झाडाच्या पानांवरचं कडक) मेण एक भाग, वितळवून त्यात रंगाची पूड.

मेलामाइन आता. पॉलिशवाला आधी पॉलिश पेपर मारणार, दीड मिलिमीटरच्या जडावातले दोन-तीन दशांश तिथेच जाणार. आबनूस आणि साग समपातळीत येतील, हस्तिदंतावरची बारीक कोरीव रेघ पुसली जाईल. मग मेलामाइन रासायनिकरीत्या घट्ट होतं, कुठल्याही स्पिरिटने परत निघत नाही. पुढच्या पावसाळ्यात खालचं लाकूड हललं की वरची काचेसारखी फिल्म तडकते आणि तुकडा फिल्मसकट उचलला जातो. त्याऐवजी मधमाशीच्या मेणाचा एक भाग आणि टर्पेंटाइनचे तीन भाग, वर्षातून एकदा, कापडाच्या बोळ्याने जेमतेम दिसेल एवढा हात, वीस मिनिटांनी सुती कापडाने चोळायचं. सुटणाऱ्या तुकड्यांवर ते लावू नका, मेण खाली गेलं की सरस धरत नाही. अळशीचं तेल आणि खोबरेलही नको. दोन्ही धूळ धरतात, पहिलं तर काळं पडून कातडीसारखं घट्ट होतं.

हलवायचं असेल तेव्हा सगळे खण बाहेर. वरचा आणि खालचा भाग बहुधा नुसता एकावर एक ठेवलेला असतो, तो वेगळा करा. वरच्या मोल्डिंगला धरून उचललं की ती हातात येते. तळाच्या चौकटीखाली हात घाला. दोन माणसं उचलायला, तिसरा दारं आणि कोपरे बघायला. नागिणींना कधीच धरू नका आणि कपाट फरशीवरून ओढू नका. वजन त्यांच्या मानेवरून आणि शेपटीच्या वळणावरून खाली जातं, तिथेच लाकडाच्या रेषा आडव्या कापलेल्या असतात, आणि तडा पहिल्यांदा तिथेच जातो. फरशी समपातळीत नसेल तर ज्या पायाखाली फट आहे तिथे बुचाची पातळ चकती सरकवा. चारही पाय टेकल्यावर खणांचा अडकण्याचा निम्मा त्रास आपोआप कमी झालेला दिसेल.